बुवांची काळी चार

माझी नात गिटार शिकते. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ती तारा पिळत असते, समोर मोबाईल ठेवलेला असतो आणि त्यात एक काटा डावीकडे-उजवीकडे हलतो. काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागतो आणि पोरगी समाधानानं मान हलवते. परवा तिनं विचारलं, "आजी, ट्यून करणं याला मराठीत काय म्हणतात गं?" मी म्हटलं, "मिळवणं." ती हसायलाच लागली. तिला वाटलं, मी पगाराबद्दल बोलतेय. मग तिनं मोबाईलमध्येच शोधून मला सांगितलं की त्यांचा तो इंग्रजी शब्द फिरत फिरत मागे गेला की ताणण्यापाशी जाऊन थांबतो. तार ताणली की आवाज बदलतो, ते खरंच आहे. मीही मग हट्टानं कपाटावरचा जाडजूड शब्दकोश खाली काढला. मिळणे म्हणजे एकत्र येणे, भेटणे. मिळवणे म्हणजे दोघांना एकत्र आणणे. आई पिठात ताक मिळवायची तेही हेच, आणि माझे वडील, अण्णा, बाजाची पेटी मिळवायचे तेही हेच. कोशात एवढंच होतं. पण पेटी मिळवायची ती कशाशी, हे कोशात नव्हतं. ते मला पंधराव्या वर्षी कळलं, आणि कळताना माझं नाक चांगलंच कापलं गेलं. तेच आज लिहायला बसले आहे.

आम्ही देवळाली प्रवऱ्याला राहायचो. दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवी म्हणजे अण्णांचं दुकान. आसपासच्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या, देवळांच्या पेट्या दुरुस्तीला आमच्याकडे येत. भाता फाटलेल्या, उंदरांनी चामडं कुरतडलेल्या, एखादी तर पुरात भिजून फुगलेली. सकाळी जाग यायची ती अण्णांच्या एकाच सुरानं. एखादा सूर ते वाजवत राहत, थांबत, कानशीचा बारीक खर्र आवाज येई, पुन्हा तोच सूर. रॉकेलच्या वाटीत पितळी सूर धुवायला टाकलेले असत. लाकडाला लावायच्या चपड्याचा वास, रॉकेलचा वास आणि आतून आईच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांना दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास, असा सगळा एकच वास आमच्या घराला होता. आई पाथर्डीकडची. त्या कोरड्या मुलखातून ती उसाच्या गावात आली होती आणि पाटाचं पाणी पाहून अजून तिचा विश्वास बसत नसे. पण जेवण तिनं आपल्याच गावचं चालू ठेवलं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, आणि गुऱ्हाळातून कुणी काकवी आणून दिली तर ती भाकरीवर. "गोड खानारी मानसं हाईत हितली, कामाला लई मऊ," असं ती आम्हाला म्हणायची आणि काकवीचं भांडं मात्र बोटानं पुसून घ्यायची.

पेटीतला सूर कसा लावतात हे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते, तिलाही सूरच म्हणतात. तिच्याखाली दाढीचं जुनं पातं सरकवून तिला आधार द्यायचा आणि कानस फिरवायची. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो. घासायचं ते किती, तर वाऱ्यानं पान हलावं इतकं. आणि एकदा निघालेलं पितळ परत चिकटवता येत नाही. अण्णांकडे एक छोटी खोकी होती, तिच्यात बारा सूर बसवलेले. हे नमुन्याचे सूर. कुठलीही पेटी आली की ती या बारांशी मिळवायची, असा आमच्याकडचा नियम. खोकी लाल मांजरपाटात गुंडाळलेली असे आणि तिला आम्ही पोरांनी हात लावायचा नसे.

मला कान होता. हे मी आता आढ्यतेनं सांगत नाही, तेव्हा मात्र आढ्यतेनंच सांगायची. कारखान्याचा भोंगा कुठल्या सुरात वाजतो, आईचा तांब्या कुठल्या, शेजारच्यांची म्हैस कुठल्या, हे मी न विचारता सांगायची. अण्णांनी मला दहाव्या वर्षीच कानस हातात दिली. पोरीच्या हातात कानस बघून गिऱ्हाईकं नाराज व्हायची. "अण्णा, पोरगी काय पेटी मिळवनार?" असं तोंडावर म्हणायची. अण्णा म्हणायचे, "तुमी वाजवून तर बघा." मग वाजवून बघायचे आणि गप्प बसायचे. मला ते गप्प बसणं फार आवडायचं. घरात नवं लुगडं नव्हतं, शाळेत माझा नंबर कधी वर नव्हता, दिसायला मी यथातथाच. कान ही माझी एकुलती एक गोष्ट होती.

आमच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात मानाचे म्हणजे सखाहरी बुवा. पलीकडच्या वाडीवर त्यांचा ऊस होता, पण त्यांना उसासाठी कुणी ओळखत नव्हतं. बुवा काळी चारमध्ये गात. पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी पट्टी ही ज्याची सुरुवात, त्याला वर जाऊन चांगलंच उंच गावं लागतं. पुरुषाच्या गळ्याला ती सहसा झेपत नाही. आसपासचे बुवा काळी एक, काळी दोन, फार तर पांढरी चार असे गाणारे. सखाहरी बुवा स्वतःच पेटी वाजवत, स्वतःच गात आणि गेली कित्येक वर्षं मारुतीच्या देवळातल्या सप्त्याचं पहिलं भजन त्यांचंच असे. लोक त्यांना "काळी चारवाले बुवा" म्हणत. ते दुसऱ्याच्या पेटीवर कधी गात नसत. शेत पोरांनी वाटून घेतलं होतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, सुना दोन वेळचं ताट पुढे सरकवून आपापल्या कामाला लागत. दिवसभर त्यांच्याशी बोलायलाही कुणी नसे. पण पेटी उघडली की सगळी वाडी त्यांची. मला ते आवडत, कारण मी लावलेली एखादी पेटी पडवीत दिसली की ते उगाच एक सूर वाजवून "वा" म्हणत.

त्या वर्षी सप्ताह पंधरा दिवसांवर आला आणि संगमनेरला आमच्या आत्याचे यजमान वारले. अण्णा निघाले. पिशवी खांद्याला लावता लावता मला म्हणाले, "शाळेच्या दोन पेट्या करून ठेव. बुवांची पेटी आली तर तशीच ठिव. तिला हात लावू नगंस. दहावा झाला की मी येतोच, तिला मी बघतो." मला राग आला. शाळेच्या खटारा पेट्या मी करायच्या आणि मानाची पेटी यांनी. शिवाय दरवर्षी बुवांची पेटी आली की ते मला काहीतरी कामाला बाहेर पाठवत आणि एकटेच बसून ती करत, हेही मला आठवलं. अण्णा गेल्यावर चार दिवसांनी पेटी आली. दहावा झाला, आणि संगमनेरहून निरोप आला की आत्यानं अंथरूण धरलंय, आणखी काही दिवस लागतील. सप्ताह तर तीन दिवसांवर.

मी पेटी उघडली. नुसतं बघावं म्हणून. भाता ओढून काळी चार दाबली आणि कानाला खटकलं. नमुन्याची खोकी काढून ताडून पाहिलं. काळी चार दाबली की पांढरी पाच वाजत होती. एक अख्खी पट्टी खाली. आणि एकच सूर नाही, सगळेच्या सगळे, खालपासून वरपर्यंत, सारखे उतरलेले. आपापसात पाहिलं तर पेटी अगदी सुरेल, कुठे वेडावाकडा सूर नाही. पण नमुन्याशी धरली तर साफ खोटी. अशी पेटी आपोआप उतरत नाही, हे मला कळत होतं. दरवर्षी ती अण्णांच्या हातून जात होती. मग याचा अर्थ एकच होता. अण्णांचा कान उतरला होता. पेटी मिळवणाऱ्याचा कान गेला म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पडवीत बसून रडले. आई आतून बाहेर आली, हात पिठाचे. "काय झालं गं?" मी डोळे पुसले. आईला तरी कसं सांगू? मी मनाशी ठरवलं, ही गोष्ट माझ्यापाशीच राहील. पेटी मी नमुन्याशी मिळवून ठेवीन, अण्णांना कळणार नाही, बुवांना कळणार नाही, गावाला कळणार नाही. आई म्हणाली, "त्यांनी हात लावू नगं म्हनलं हुतं न्हवं?" मी म्हटलं, "सप्ताह त्यांच्यासाठी थांबणार आहे का?" आई पिठाच्या हातानंच कपाळावरचे केस मागे सारून आत गेली.

तीन दिवस मी ती पेटी केली. जेवायलाही पडवीतच. पितळ इतकं पातळ झालेलं होतं की प्रत्येक जिभेला कानस लावताना मी श्वास धरत होते. एक सूर तुटला, तो मी जुन्या पेटीतला काढून बसवला. आयुष्यात नंतर इतकं चांगलं काम मी फार वेळा केलेलं नाही. सप्त्याच्या पहिल्या दिवशी सकाळी बुवांचा सालदार पेटी घेऊन गेला तेव्हा ती नमुन्याशी अशी मिळाली होती की दोन्ही एकदम वाजवल्या तर एकच वाजतंय असं वाटावं. मला वाटलं, मी माझ्या बापाची अब्रू राखली.

दुपारी आई आणि मी देवळात गेलो. सभामंडपात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. बुवांनी पेटी उघडली, डोळे मिटले. रंगनाथ पखवाजी त्यांचा जुना जोडीदार. तो पखवाज सुराला लावत होता, आणि हातोडीनं ठोकून ठोकून घामाघूम झाला होता. "औंदा लईच चढंना झालाय," असं कुणाला तरी म्हणाला, तेही मी ऐकलं. मग अभंग सुरू झाला. खालच्या सुरांत सगळं ठीक होतं. दुसऱ्या चरणाला बुवा वर निघाले आणि वरच्या षड्जाच्या अलीकडेच त्यांचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, खाकरा आला असेल. बुवा पाणी प्यायले, पुन्हा उचललं. पुन्हा तिथेच फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. बायकांमध्ये कुणीतरी चुकचुकलं. टाळ आपोआप हळू पडले. एका तरुण बुवानं खालून अभंग उचलून धरला आणि वेळ निभावून नेली. सखाहरी बुवांनी भाता मिटला, त्याचा खटका लावला आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून ते अभंग संपेपर्यंत तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. लहान मुलाला सगळ्यांदेखत मारलं की ते जसं कुणाकडेच बघत नाही, तसे ते बसले होते. मला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारे झाले बिचारे, आजच नेमका गळा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी परत आली. सालदार म्हणाला, "बुवा म्हनले, आता गळा न्हाई ऱ्हायला. पेटी कुना पोराला द्या, शिकंल तरी. रातच्यापासून बोललं न्हाईत कुनाशी, जेवलं बी न्हाईत." पेटी पडवीत ठेवून तो गेला. संध्याकाळी अण्णा आले. चपला काढायच्या आधीच त्यांना पेटी दिसली. त्यांनी उभ्या उभ्याच भाता ओढला, काळी चार दाबली, आणि हात मागे घेतला. एकच सूर ऐकून त्यांना कळलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ज्याला एका सुरात एवढं कळतं त्याचा कान कुठेही गेलेला नाही.

अण्णा ओरडले नाहीत. भिंतीला टेकून बसले. "किती उतरली हुती?"

"एक पट्टी."

"बराबर. अकरा सालं लागली मला तेवढी उतरवायला."

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी बुवा पेटी घेऊन आले होते ते गळ्याला फडकं बांधून. "अण्णा, वरचा सूर लागंना. औंदाचं शेवटचं भजन," असं म्हणाले होते. बायको नुकतीच गेली होती. अण्णांनी त्या वर्षी सगळे सूर केसभर उतरवले. सांगितलं मात्र काही नाही. बुवा गायले, वरचा सूर लागला, आणि दुसऱ्या दिवशी काकवीची कळशी डोक्यावर घेऊन स्वतः चालत आले. गळा परत आला म्हणून आनंदानं. मग पुढच्या वर्षी आणखी केसभर. मग आणखी. पट्टी तीच, बोट तेच, गाव तेच. फक्त पेटी म्हाताऱ्याबरोबर एकेक पायरी खाली येत होती. म्हणून तर ते मला बाहेर पाठवत. मला कान होता ना. "झाकली मूठ हुती ती," अण्णा म्हणाले. आणि मग, "चूक माझी. मी तुला सांगाया पायजे हुतं. पेटी नमुन्याशी मिळवायची, हेच मी तुला शिकवलं. ती मानसाशी मिळवायची आसती, ते शिकवायचं ऱ्हाऊन गेलं."

मी सांगितलं की मला वाटलं तुमचाच कान गेला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांत पाणी. आईनं दोघांपुढे ताटं ठेवली. कुणी जेवलं नाही.

आता करायचं काय? पेटी पुन्हा उतरवता आली असती, पण बुवा गायलाच तयार नव्हते. पेटी चुकली असं बुवा स्वतः कधीही म्हणणार नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतील याची त्यांना मरणापेक्षा भीती. अण्णा म्हणाले, "मी सांगतो, माझ्याकडून चढी लागली." पण सगळ्या वाडीला माहीत होतं की अण्णा संगमनेरला होते. आणि खरं सांगावं, तर अकरा वर्षांचं सगळं खोटं ठरत होतं. म्हाताऱ्याला आपण अकरा वर्षं काळी चार गातच नव्हतो हे कळलं असतं. एकच वाट होती, आणि ती अण्णांच्या तोंडून निघेना. ती मीच बोलले. मी सांगायचं की माझा कान चुकला. अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक पुन्हा तुझ्या हातात पेटी देनार न्हाई, सुमे." मी म्हटलं, "ठाऊक आहे." आज बसून लिहिताना वाटतं, किती सहज म्हटलं मी. तेव्हा सहज नव्हतं. आतून नुसता जळफळाट चालला होता. आयुष्यातलं सगळ्यात नेमकं काम मी केलं होतं आणि तेच चूक म्हणून मला मिरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या सायकलीवर मागे बसून मी वाडीवर गेले. बुवा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रंगनाथ पखवाजी शेजारी बसून त्यांना समजावत होता. मी बुवांच्या पायाशी बसले. "बुवा, पेटी मी केली होती. अण्णा नव्हते. माझ्याकडून चढी लागली, एक पट्टी वर गेली. तुम्ही परवा काळी चार गातच नव्हता, त्याच्याही वर गात होता. कुणालाच झेपलं नसतं."

बुवा हळूच वळले. "म्हंजी? गळा न्हवता गेला?"

"नाही बुवा. माझा कान चुकला."

ते विश्वास ठेवायला भीत होते. अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "चढीच हाय पेटी. मी बघितली." आणि तेवढ्यात रंगनाथनं मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! तरीच म्हनलं पखवाज एवढा का ठोकावा लागतोय! रोजच्या ठिकानी ठेवला तर मिळंचना. व्हय बुवा, मी म्हनलं न्हवतं का तवा?" बिचाऱ्यानं खरं तेच सांगितलं. त्याच्या त्या एका खऱ्यानं आमचं खोटं उभं राहिलं.

बुवा उठून बसले. आणि मग मला जे बोलले, ते! "सुराशी पोरखेळ करत्यात का? तुज्या बापानं हात लावू नगं म्हनलं आसंल, तरी लावलास! दीड दमडीचा कान आन् गमजा केवढ्या! सगळ्या गावाम्होरं म्हाताऱ्याचं हासू झालं." बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला, खणखणीत झाला, सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून ऐकत होते आणि एकीकडे मला रडू येत होतं आणि एकीकडे बरं वाटत होतं, कारण दोन दिवस गप्प असलेला माणूस बोलत होता. शेवटी ते थांबले आणि आत ओरडून म्हणाले, "आगं, भाकर हाय का न्हाई ह्या घरात?"

सप्त्याचे चार दिवस उरले होते. घरी येऊन अण्णांनी नमुन्याची खोकी मांजरपाटात गुंडाळून वर माळ्यावर ठेवली आणि कानस माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "कशाशी मिळवू?" ते म्हणाले, "परवा त्यांचा आवाज कुठं फाटला ते आठव. त्याच्या अलीकडं वरचा षड्ज यायला पायजे." मला ते आठवायचं नव्हतं. पण तेच आठवत मी काम केलं. डोळे मिटायचे, ते फाटणं पुन्हा ऐकायचं आणि सूर तिथून मागे आणायचा. एका बाजूनं मी घासत होते, दुसऱ्या बाजूनं अण्णा. घासून घासून अंगठ्याची कातडी गेली. सातव्या दिवशी काल्याच्या आधी बुवा गायले. दुसऱ्या चरणाला ते वर निघाले तेव्हा मी आईचा दंड इतका दाबला की तिला वळ उठला. वरचा षड्ज लागला. स्वच्छ लागला आणि त्यांनी तो सोडलाच नाही, मुद्दाम लांबवला. रंगनाथ माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

माझं जे व्हायचं ते झालं. रंगनाथच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आसपासच्या सगळ्या वाड्यांना कळलं होतं. "अण्णा, पेटी तुमीच करा बरं का, पोरीकडं देऊ नगा," असं गिऱ्हाईक माझ्यासमोर म्हणायचं. शाळेतली पोरं मला "चढी पेटी" म्हणायची. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "तूच का गं ती?" एकदा मी चिडून अण्णांना म्हटलं, आता पुरे, मी सांगून टाकते सगळ्यांना. अण्णा म्हणाले, "सांग. तुला कोन आडवनार?" मी वाडीच्या निम्म्या रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. मी काही संत नाही, नंतरही कित्येकदा मला तोंड उघडावंसं वाटलं. ज्यांची पेटी मी गुपचूप करायची आणि अण्णा आपल्या नावावर द्यायचे, ते "वा अण्णा" म्हणत तेव्हा तर फारच.

पुढची पाच वर्षं बुवांची पेटी मीच केली. त्यांना ठाऊक नव्हतं. दरवर्षी केसभर, मग दोन केस. एका वर्षी त्यांना दम लागायला लागला तेव्हा बरंच खाली आणावं लागलं. पाचव्या वर्षी ते देवळापर्यंत चालत येऊ शकले नाहीत. माझं लग्न ठरलं होतं, नगरला. वाडीवरून निरोप आला की बुवांना घरीच पेटी आणून द्या, मंडळी तिथेच भजन करतील. अण्णांनी आणि मी पेटी नेली. तेव्हा काळी चार दाबली की पांढरी चारही वाजत नव्हती, तिच्याही खालचं काहीतरी वाजत होतं. नमुन्याच्या कुठल्याच सुराशी तिचा संबंध राहिलेला नव्हता. बुवांना उशांना टेकवून बसवलं. रंगनाथ पखवाज सैल करत करत सुराला आला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलला नाही. बुवांनी चाचपून काळी चारवर बोट ठेवलं आणि गायले. तीनच चरण गायले, पण पुरे गायले. वरचा सूर बारीक लागला, थरथरत लागला, तरी लागला.

मग ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "बघितलंस का रंगनाथा," ते म्हणाले, "आजून काळी चार. गळा देवानं जपला." मग त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, त्या वर्साला तुला लई बोललो. मनात ठिवू नगंस. अण्णा म्हनला, आज पेटी तू केलीस. ध्येनात ठेवा रं सगळी, हिचा कान आता पक्का झाला."

पाच वर्षं मी त्या वाक्याची वाट बघितली होती. अण्णा दारात पाठमोरे उभे होते.

"व्हय बुवा," मी म्हटलं. "आता चुकत नाही."